चांदूर कोणतं?

उत्तमराव गावंडे यांना खोटं पत्र वासानं कळतं, असं मूर्तिजापुरात लोक सांगत. त्यात तथ्य काहीच नव्हतं. उत्तमरावांना वास मुळी येतच नसे; चाळीस वर्षं नाकात तपकीर कोंबल्यावर वास येणार कुठून? पण माणसाबद्दल एकदा काही पसरलं की पसरलं. दुसऱ्यांनी पसरवलेल्या गोष्टींची चिरफाड करणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःबद्दलची ही एक अफवा मात्र कधी खोडली नाही. कौतुक कोणाला नको असतं!

त्यांची नोकरी रेल्वे डाकेतली. चालत्या गाडीच्या डाक डब्यात उभं राहून पत्रं लावायची. भिंतीला लाकडी खण, प्रत्येक खण एका गावाचा, डाव्या हातात गठ्ठा आणि उजव्या हातानं एकेक पाकीट बरोबर आपल्या खणात. गाडी हलते, दिवा हलतो, लिहिणाऱ्याचं अक्षर तर आधीच हललेलं. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. या सगळ्या खणांत छळवादी खण दोन, चांदूरचे. अमरावती जिल्ह्यात एक चांदूर बाजार आणि एक चांदूर रेल्वे. लोक नुसतं 'चांदूर' लिहून मोकळे होत, जसं काही जगाच्या पाठीवर दुसरं चांदूर नाहीच. पिनकोडवर जावं तर एकाचा ४४४७०४ आणि दुसऱ्याचा ४४४९०४. घाईघाईत काढलेला सात कोणता आणि नऊ कोणता, हे काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मग उत्तमराव पाकीट उलटं करत. कोणी टाकलं? कुठून टाकलं? कधी टाकलं? एवढ्या तीन प्रश्नांवर ते चांदूर ठरवत आणि सहसा चुकत नसत. नव्या पोरांना ते ऐटीत सांगत, "समोरून वाचते तो पोस्टमन, मागून वाचते तो सॉर्टर."

निवृत्त झाल्यावर त्यांची बैठक स्टेशन रोडवरच्या वाहेदच्या दुकानात असे. वाहेद मोबाइल दुरुस्त करायचा. पंचेचाळिशीचा, बोलका, कामात चोख माणूस. उत्तमरावांना 'बाबूजी' म्हणायचा आणि त्यांच्यासाठी एक स्टूल कायम रिकामं ठेवायचा. लोक मोबाइल घेऊन येत आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यात आलेल्या बातम्या उत्तमरावांसमोर धरत. कापूस दहा हजारांवर जाणार, माल विकू नका. अमक्या तारखेला तीन दिवस अंधार पडणार. उत्तमराव चष्मा कपाळावर सारून तेच तीन प्रश्न विचारत. कोणी टाकलं? "मेहुण्यानं." मेहुण्याला कोणी टाकलं? माणूस गप्प. कुठून? गप्प. कधी? गप्प. "मंग फेका खड्ड्यात," म्हणत ते चष्मा नाकावर घेत.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात तर त्यांनी खरंच मोठं काम केलं. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे असा मेसेज सगळ्या वऱ्हाडात फिरत होता, आणि केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या दोन बाया चौकात लोकांच्या हाती सापडल्या. कोणी दगडही उचलला होता. उत्तमराव गर्दीत घुसले, एकाच्या हातातला मोबाइल ओढून घेतला आणि ओरडले, "लेकहो, ह्या फोटोतला पोलीस तं पाहा! असा डरेस आपल्याइकडे कोण घालते?" लोकांनी पाहिलं. पोलीस कुठल्या तरी भलत्याच देशातला होता. दगड खाली पडला. त्या दोन बायांनी वाहेदच्या दुकानात बसून चहा घेतला, आणि त्या दिवसापासून उत्तमरावांच्या शब्दाला गावात वजन आलं.

हे खरं-खोटं करायचं वेड त्यांना लागलं कधीपासून, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

त्यांना एकच मुलगा, गोपाल. उशिरा झालेला, म्हणून जरा जास्तच जपलेला. उत्तमरावांची इच्छा होती की त्यानं परीक्षा द्यावी, टपालात लागावं. गोपालला घरच्या चार एकर काळ्या रानाशिवाय काही दिसत नसे. पोरगं कष्टाळू होतं. सकाळी शेतात जायचं ते दिवेलागणीला परतायचं, आणि जेवताना कपाशीबद्दल असं बोलायचं की उत्तमरावांना वाटे, हा नव्या नवरीबद्दल बोलतो आहे की झाडांबद्दल! दोन हजार सतराच्या साली कपाशी कमरेच्या वर गेली, बोंडं लागली, आणि बोंडांत गुलाबी अळी निघाली. तेव्हा गोपालच्या मोबाइलवर एक मेसेज आला. कुठल्याशा शास्त्रज्ञाच्या नावानं, घरच्या घरी करायचं औषध. गोपालनं ते केलं आणि चारही एकरांवर फवारलं. तिसऱ्या दिवशी पानं करपली. अळी होती तिथंच राहिली.

उत्तमराव शेतात गेले. एक बोंड फोडलं, आत पाहिलं, मेसेज वाचला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी गोपालच्या तोंडात मारली. सव्वीस वर्षांच्या, मिशा फुटलेल्या पोराच्या. आणि मारून थांबले नाहीत, म्हणाले, "छत्तीस वर्षं पत्रं लावली मी. बेवारस पाकिटालेही कुठं ना कुठं जागा असते. तू कोण्याच खणात बसत नाहीस."

गोपालनं पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून धुऱ्यावर नीट उभा ठेवला आणि घराकडे निघाला. उत्तमराव मागून तासाभरानं पोचले तेव्हा तो दोन शर्ट घेऊन, आईला "येतो" म्हणून गेलेला होता. मोबाइल बंद होता. तो पुढे कधीच लागला नाही.

त्या साली सगळ्या वऱ्हाडाचीच कपाशी अळीनं खाल्ली. ज्यांनी तो मेसेज वाचलाही नव्हता, ज्यांनी दुकानातलं महागाचं औषध मारलं होतं, त्यांचीही. हे उत्तमरावांना पंधरा दिवसांत कळलं. पण चपराक परत घेता येत नाही.

आणि आता त्यांच्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. त्यांनी ती चपराक कोणालाच सांगितली नाही. पोलिसांत नोंद केली तिथं 'कामाच्या शोधात गेला' असं कारण दिलं. गावात सांगितलं, गोपाल सुरतेला आहे, मजेत आहे. लोकांनी मानलं, कारण उत्तमरावांचा शब्द! आणि घरात पंचफुला, त्यांची बायको, हिला वाटत होतं की पोरगा आपल्या बोलण्यानं गेला. त्या दिवशी सकाळी भाकरी वाढताना ती थट्टेनं म्हणाली होती, "खातोस तं चौघांचं, कापूस कवा येईन घरात?" एवढंच. पण तो गेल्यावर तिनं ते वाक्य धरून ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी ती रडत म्हणाली, "मी बोलली नसती तं गेला नसता." उत्तमरावांच्या ओठांवर खरं आलं होतं. त्यांनी ठरवलं, उद्या सांगू. असे पाचशेच्या वर 'उद्या' गेले. ती पीठ मळताना थांबायची, तेच म्हणायची, आणि ते पेपर उघडून समोर धरायचे. साऱ्या गावाच्या खोट्या बातम्या खोडणारा माणूस आपल्या घरातली एक खोटी बातमी रोज दोन वेळा ऐकून घेत होता. माझ्या मते याला माफी नाही. पण रात्री कूस बदलत त्यांनी किती वेळा गोपालचं नाव घेतलं, तेही मला माहीत आहे, म्हणून पुढं सांगतो.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात, सकाळी आठच्या सुमाराला, वाहेदनं उत्तमरावांना हाक मारून दुकानात बोलावलं. एरवी गडबड्या माणूस, पण आज त्याचा आवाज जपून येत होता.

"बाबूजी, बसा. एक मेसेज आला. मले समजून नाही राहिलं तुमाले दाखवू का नको."

मेसेज असा होता: 'हा तरुण चांदूर रेल्वे स्टेशनवर अनेक दिवसांपासून बसून आहे. नाव गोपाल सांगतो. बाकी काही आठवत नाही. बोली वऱ्हाडी. कृपया इतका पसरवा की त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचेल. त्याची आई वाट पाहत असेल.' खाली फोटो. दाढी वाढलेला, डोक्याला गमछा, मान खाली. हजार मोबाइलांतून फिरून फोटोचा पार चिखल झालेला.

उत्तमरावांनी मोबाइल घ्यायला हात पुढे केला, पण वाहेदनं तो आपल्याच हातात धरला.

"गोपालभाऊ तं सुरतेले हाये ना बाबूजी?" वाहेदनं हळूच विचारलं.

उत्तमराव दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून फोटो पाहत राहिले.

वाहेद शहाणा माणूस. त्यानं पुन्हा सुरत काढली नाही. पण थोड्या वेळानं म्हणाला, "नाराज नका होऊ. तुमीच शिकवलं म्हणून विचारतो. कोणी टाकलं?"

"माईत नाही."

"कवा टाकलं?"

"माईत नाही."

"नंबर बी नाही खाली. दुसऱ्या कोणाचा असता तं तुमी काय म्हटलं असतं?"

"फेका खड्ड्यात म्हटलं असतं," उत्तमराव म्हणाले. "मले पाठव तो. अन् नागपूरकडची पॅसेंजर किती वाजता हाये?"

घरी जाऊन त्यांनी पंचफुलेला फोटो दाखवला. दाखवायला नको होता, हे त्यांना कळत होतं. पण एकट्यानं ती आशा पेलवेना. तिनं मोबाइल दोन्ही हातांत धरून दारातल्या उजेडात नेला. बराच वेळ पाहिला.

"कान त्याचाच हाये," ती म्हणाली.

"गमछा बांधेल हाये, कान दिसते कुठं?"

"मले दिसते." मग मोबाइल परत देताना तिनं त्यांच्या बाहीला धरलं. "आवं, सापडला तं त्याले रागवू नका. त्याले सांगा, माय उलीशी मजाक करत होती. माय तसं बोलत नसते, म्हणा."

उत्तमरावांनी मान हलवली आणि ते जवळजवळ पळतच स्टेशनवर गेले.

गाडीत खिडकीशी बसून त्यांनी तो फोटो वीस वेळा तरी पाहिला असेल. कधी कपाळ गोपालचं वाटे, कधी खांदे. बडनेरा मागे पडेपर्यंत त्यांनी मनात सगळी बोलणी तयार केली. आधी काही बोलायचं नाही, नुसतं शेजारी जाऊन बसायचं. मग पाणी द्यायचं. मग म्हणायचं, चाल घरी, पेरणी जवळ आली. चपराकेचं त्याला आठवत नसेल तर बरंच, असा एक विचार मनात आला आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर नांगरून पडलेली रानं होती, मैलोन् मैल, आणि त्यांना गोपालची अतोनात आठवण आली. नुसता दिसावा. बोलू नये, ओळखू नये, चालेल. दिसावा.

चांदूर रेल्वेला ते उतरले आणि दोन्ही फलाट, तिकीटघर, बाहेरचं लिंबाचं झाड सगळं पाहून आले. कोणी नाही. चहावाल्यापुढे त्यांनी फोटो धरला. त्यानं किटली खालीही ठेवली नाही.

"तुमी तिसरे, काकाजी. एक बाई तं थेट बुलढाण्याहून आली होती. मी वीस वर्षं झाले इथं हावो, असा पोरगा इथं कधीच बसला नाही."

"स्टेशनच लिहेल हाये ना चांदूरचं."

"लिहायले काय लागते?"

उत्तमराव बाकावर येऊन बसले. परतीच्या गाडीला वेळ होता. बाजूच्या माणसानं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावली होती, त्याला ते उगीच खेकसले. मग सवयीनं त्यांनी फोटो पुन्हा काढला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांची नजर त्या पोराच्या चेहऱ्यावरून बाजूला सरकली. पोराच्या मागे प्लास्टिकचे क्रेट रचलेले होते. क्रेटांत संत्री. फलाटाची फरशी कोरी, नवी. चांदूर रेल्वेचा फलाट कधीचा जुना. आणि संत्र्यांचे एवढे क्रेट दिसतात ते चांदूर बाजारच्या अंगाला.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या उमेदीत गाडी एकाच चांदूरला जायची. 'रेल्वे' हा शब्द दिसला की हात आपोआप चांदूर रेल्वेच्या खणाकडे जायचा. पण आता नरखेडची लाइन झाली होती आणि चांदूर बाजारलाही स्टेशन आलं होतं. त्यांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पेपरात वाचलं होतं. पण डोक्यातला खण बदलला नव्हता. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं, 'चांदूर' गावाचं 'रेल्वे स्टेशन'. चूक सॉर्टरची होती. छत्तीस वर्षं सगळं मागून वाचणाऱ्या माणसानं आज समोरचा चेहरा तेवढा वाचला, कारण त्याला तो चेहरा हवा होता.

पण या चुकीचा त्यांना आनंदच झाला. मेसेज खोटा नाही! ते एसटीनं अमरावतीला गेले, तिथून दुसरी एसटी पकडली, आणि मेच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, दोनच्या सुमाराला चांदूर बाजारच्या स्टेशनबाहेर उभे राहिले.

स्टेशनबाहेर ताडपत्रीच्या सावलीत एक बाई चहा आणि भजी विकत होती. साठीची, जाड भिंगांचा चष्मा. नाव गंगूबाई, हे त्यांना नंतर कळलं. फोटो पाहताच ती म्हणाली, "हाव, हा गोपाल. इथंच बसे, त्या क्रेटाइपाशी."

उत्तमराव तिच्या बाकड्यावर टेकले. "आता कुठं हाये?"

"गेला ना बापा घरी. त्याचा बाप आला होता, घेऊन गेला. तिकडं मुलताईकडचे होते ते. बापाले पाहून पोरगं हसलं, मले आठवते. महिनाभर मीच जेवाले देत होती त्याले."

"कवा गेला?"

"नोटा बंद झाल्या होत्या ना, तवा. माह्यापाशी दोन पाचशाच्या होत्या, त्या बदलाले मी लाइनीत होती, अन् आली तं हा निघालेला."

उत्तमरावांनी हिशेब केला. तो करायला वेळ लागला नाही. नोटा बंद झाल्या दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात. त्या दिवसांत त्यांचा गोपाल घरी होता, रोज चौघांचं जेवत होता, कपाशीबद्दल बोलत होता. हा फोटो काढला तेव्हा तो हरवलेलाच नव्हता.

मेसेज खरा होता. प्रत्येक शब्द खरा. फक्त पोचवायचं काम अडीच वर्षांपूर्वीच संपलं होतं, आणि तरी तो दारोदार फिरत होता, दुसऱ्यांच्या आयांना बुलढाण्याहून उठवत होता.

गंगूबाईनं न विचारता चहा पुढे ठेवला. "तुमचाही गोपाल हाये काय?"

"हो."

"कायले गेला घरून?"

"गेला म्हणजे... सुरतेले कामाले गेला." तोंडातून ते सवयीनं आलं. "मजेत हाये."

गंगूबाई चष्म्याआडून त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं. "सुरतेले हाये तं इथं कोणाले पाहून राहिले?"

उत्तमरावांनी चहाचा ग्लास उचलला, परत ठेवला, आणि मग त्यांचा बांधच फुटला. दीड वर्ष जे बायकोला, वाहेदला, पोलिसांना सांगितलं नव्हतं ते त्यांनी या अनोळखी बाईला सांगितलं. बोंड, मेसेज, चपराक, खणाचं वाक्य, धुऱ्यावर नीट उभा ठेवलेला पंप. सांगताना ते हुंदके देत रडले. गंगूबाईनं मधे एका गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

"त्याच्या मायले सांगतलं हे?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

ती उठून गिऱ्हाइकाला भजी बांधून द्यायला गेली.

परतीच्या एसटीत उत्तमरावांनी खिशातून तिकिटं काढली, त्यांच्या पाठीवर लिहायला जागा पुरेना, म्हणून शेजाऱ्याकडून त्याच्या पेपराची कोरी कड मागून घेतली. पेन त्यांच्या खिशाला कायम असे. गाडी धक्के खात होती, पण चालत्या गाडीत लिहिणं-वाचणं त्यांच्या हाडात भिनलेलं. अमरावती येईपर्यंत मजकूर लिहून झाला. अमरावती ते मूर्तिजापूर ते तो नुसता खोडत होते. खोडलेलं सगळं एकाच जातीचं होतं, आपली बाजू जरा बरी दिसावी असं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पंचफुला अंगणात उभीच होती. एकट्याला येताना पाहून ती आत गेली आणि भिंतीशी बसली.

"तो आपला नव्हता," उत्तमराव म्हणाले. "दुसऱ्याचा होता. त्याले त्याच्या घरच्यायनं नेलं." मग तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी खिशातून कागद काढला. "गोपालची माय, मी एक मेसेज लिहिला. आपल्या गोपालसाठी. तो पाठवाच्या आधी तू आयक."

तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी वाचलं:

"गोपाल उत्तमराव गावंडे, वय आता अठ्ठावीस, राहणार मूर्तिजापूर. रंग सावळा, उंची पाच फूट सात इंच. सहा डिसेंबर दोन हजार सतरापासून घरी नाही. तो सुरतेला आहे असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे. तो कुठं आहे हे आम्हाला माहीत नाही. त्या दिवशी मी त्याला शेतात चपराक मारली आणि वाईट बोललो, म्हणून तो गेला. कपाशी सगळ्यांचीच गेली होती, त्यात त्याचा दोष नव्हता. गोपाल, मी ते शब्द परत घेतो. पाठवणार, उत्तम गावंडे, वडील. तारीख एकवीस मे दोन हजार एकोणीस. खाली माझा नंबर. सापडल्यावर मी स्वतः कळवीन, मग हा मेसेज पुढे पाठवू नका."

"पुन्हा वाचा," पंचफुला म्हणाली. "चपराकेचं."

त्यांनी वाचलं.

"मी बोलली म्हणून नाही गेला?"

"नाही."

"तुमाले तवापासून माईत होतं?"

"हो."

तिनं पदर तोंडाला लावला. ती ओरडेल, निदान कागद फाडेल, असं उत्तमरावांना वाटलं. ते त्यासाठीच मान खाली घालून बसले होते. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी दुसरंच काही तरी आलं, सरपणाचा जड बिंडा डोक्यावरून उतरवल्यावर येतं तसं. राग मागून आला. "दीड वर्ष," ती म्हणाली. "दीड वर्ष मी त्या चुलीपुढं बसून... अन् तुमी पेपर वाचत होते." तिनं त्यांच्याकडे पाठ केली.

उत्तमराव उठले नाहीत. बाहेर अंधारून यायला लागलं. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन एकेक अक्षर शोधत सगळा मजकूर मोबाइलवर उतरवला, आणि गोपालचा एक जुना, स्वच्छ फोटो त्याला जोडला.

"पाठवला?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"नाही. तुले इचारल्याशिवाय नाही पाठवत."

"पाठवा." मग ती वळली. "अन् खाली लिहा, माय बरी हाये, जेवते. त्या दुसऱ्या मेसेजाइत लिहिते तसं माय उपाशी हाये असं लिहू नका. कुठं असन तिथं लेकरू घाबरून जाईन."

उत्तमरावांनी लिहिलं: 'आई बरी आहे. जेवते.' आणि त्यांचं बोट तिथंच थांबलं.

"आज जेवली काय तू?"

सकाळी फोटो पाहिल्यापासून तिच्या पोटात पाण्याचा घोट गेला नव्हता, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

त्यांनी मोबाइल फडताळात ठेवला. चूल त्यांनीच पेटवली, ती पेटायला वेळ लागला. तिनं दोन भाकरी थापल्या. दोघं समोरासमोर बसून जेवली. ताट संपवून ती उठल्यावर उत्तमरावांनी हात धुतले, पुसले, आणि मग मेसेज पाठवला.